सिंक वरून चकाचक आणि खालून वास

उन्हाळा लागला की ओळखीतल्या दोघीतिघी तरी हमखास विचारतात, अगं सिंक रोज घासते, विम लावते, वरून फिनाइलही टाकते, तरी वास काहून येऊन राहिला? आणि जाऊन बघावं तर सिंक वरून खरंच स्वच्छ असतं, कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण जाळी उचलली की खाली काळी बुळबुळ, नळाच्या बुडाशी पांढरा दगडासारखा थर, आणि सिंकच्या कडेला जिथे ओटा लागतो तिथे पिवळट चिकटा. या बाया आळशी अजिबात नाहीत, उलट रोज दोनदोनदा घासतात. अडचण एवढीच आहे की सिंकमधला मळ एका जातीचा नसतो आणि आपण सगळ्यावर एकच साबण फिरवतो.

मला जेवढं समजलं आणि हाताने करून पटलं ते असं की सिंकमध्ये मळ तीन जातीचा. एक तेलाचा चिकटा, दुसरा पाण्याचा खार, आणि तिसरी पाइपाच्या आत धरलेली बुळबुळ. तेलाला सोडा आणि गरम पाणी लागतं, खाराला आंबट लागतं, आणि बुळबुळीला ब्रशच लागतो, तिथे कुठलंही लिक्विड नुसतं ओतून भागत नाही. उलटसुलट केलं की मेहनत वाया जाते. तेलावर निंबू घासत बसलं तर हात दुखतो फक्त, आणि खारावर सोडा लावला तर खार जागचा हलत नाही.

आधी तेलाचं सांगते, कारण आपल्या विदर्भाच्या स्वयंपाकात तेच सगळ्यात जास्त. तर्रीशिवाय पोहे नाही, पाटवडीच्या रश्श्यावर बोटभर तेल पाहिजे, आणि रविवारी सावजी मटण झालं तर मग विचारूच नका. त्यात ज्यांच्या घरी अजून जवसाचं तेल वापरतात त्यांनी तर नीट लक्ष द्या. जवसाच्या तेलाचा गुण असा आहे की ते हवेत उघडं राहिलं की नुसतं वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याची वार्निशसारखी पापडी बनते, म्हणून तर लाकडाच्या पॉलिशमध्ये आणि पेंटिंगच्या रंगांमध्ये हे तेल वापरतात. सोयाबीनचं तेलही थोडं त्याच वाटेने जातं, फक्त हळू. म्हणजे आज सिंकच्या कडेला जो तेलाचा हात लागला तो आजच साध्या साबणाने निघतो, पण महिनाभर राहिला तर तो तेल राहतच नाही, गोंद होतो. त्या गोंदावर भांड्याचा साबण फिरवून काही होत नाही.

त्याला लागतो धुण्याचा सोडा. खाण्याचा नव्हे हं, धुण्याचा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, नागपूरच्या इतवारी बाजारात किराण्याच्या दुकानात सुटा मिळतो आणि अगदी स्वस्त असतो. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे सोडा विरघळवायचा, हातात रबरी ग्लोव्हज घालायचे कारण तो कातडी कोरडी करतो, आणि त्या पाण्यात जुनं फडकं बुचकळून चिकट्यावर पसरून ठेवायचं. लगेच घासायला नाही जायचं, पंधरावीस मिनिटं तसंच राहू द्यायचं. तेवढ्यात तेल फुगून सैल होतं, अर्धं तर फडक्यालाच येतं, मग नायलॉनच्या घासणीने उरलेलं काढायचं. फक्त त्या वेळी सिंकमध्ये ॲल्युमिनियमचं काही ठेवू नका, कढई नाही, कुकरही नाही, सोड्याने ॲल्युमिनियम काळं पडतं.

आणि गरम पाण्यासाठी नागपूरकरांना गॅस जाळायचीही गरज नाही, निदान एप्रिल-मे मध्ये तरी. दुपारी दोन-तीन वाजता गच्चीवरच्या टाकीतून नळाला जे पाणी येतं त्यात हात धरवत नाही इतकं तापलेलं असतं. आपण ते पाणी शिव्या घालत वापरतो, पण तेल काढायला ते पाणी म्हणजे फुकटची सोय आहे. मी सिंकची मोठी सफाई त्या दोन महिन्यांत दुपारीच काढते. डिसेंबर-जानेवारीत बरोबर उलट होतं, रात्रीचं तापमान दहाच्या आसपास येतं, नळाचं पाणी बर्फ, आणि मटणाची चरबी नाहीतर डालडा सिंकमध्ये पडल्या पडल्या थिजतो. पाइप चोक होण्याच्या सगळ्यात जास्त तक्रारी थंडीत येतात त्या यामुळे. वर पातळ दिसलेली चरबी खाली थंड पाइपात जाऊन मेणासारखी बसते, त्यावर बेसन चिकटतं, चहापत्ती चिकटते, आणि वाट बंद.

आता खार. नागपूर शहराला नळाने येणारं पाणी मुख्यतः पेंचचं आणि कन्हानचं, थोडं गोरेवाड्याचं, ते त्यामानाने बरं असतं. पण बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वरकडच्या कितीतरी फ्लॅट-स्कीममध्ये बोअरचं पाणी वापरात आहे, आणि बोअरचं पाणी म्हणजे जड पाणी. जमिनीखाली खडकातून फिरता फिरता त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळून येतं. पाणी वाहतंय तोपर्यंत ते दिसत नाही, पण थेंब जागच्या जागी सुकला की पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतो. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की थेंब सुकायला वेळ किती लागतो? भांडी घासून पाठ वळवली की सिंक कोरडं. वाटतं चांगलं आहे, आपोआप वाळलं. पण ते आपोआप वाळणंच खार चढवतं. दर वेळी एक पातळ थर, आणि एका उन्हाळ्यात नळाच्या बुडाशी पांढरं कवच.

या खाराला लिंबूफूल, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, याच्यासारखं दुसरं काही नाही. तेही किराणा दुकानातच मिळतं, साखरेसारखे दाणे असतात. एक ग्लास कोमट पाण्यात दोन लहान चमचे, बस. पेपर नॅपकिन नाहीतर सुती फडकं त्यात भिजवून जिथे खार आहे तिथे गुंडाळायचं, नळाच्या बुडाला तर गळपट्टा बांधल्यासारखं, दहा-पंधरा मिनिटांनी काढून जुन्या टूथब्रशने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं. थर जाड असेल तर पुन्हा एकदा. एकाच दमात तासभर ठेवू नका, नळावरच्या क्रोमच्या मुलाम्याला ते बरं नाही. व्हिनेगरनेही होतं, पण त्यात ॲसिड चार-पाच टक्केच असतं आणि वास घरभर. निंबूची अर्धी फोड घासली तरी चालतं, रोजच्या हलक्या खाराला मी तेच करते, सरबत केलं की पिळलेल्या फोडी फेकायच्या आधी नळावरून फिरवून घ्यायच्या.

नळाच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते ती पिळून काढता येते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. नळाची धार वाकडी उडायला लागली, किंवा एकदम बारीक झाली, की आपण म्हणतो पाण्याला प्रेशर नाही. आधी ती जाळी काढून लिंबूफुलाच्या पाण्यात अर्धा तास टाकून बघा. तिच्यात खार आणि टाकीतली रेती दोन्ही अडकलेली असते.

एक गोष्ट मात्र इथे जोर देऊन सांगते. ज्यांचा ओटा कडप्प्याचा आहे, आणि नागपूरच्या महाल, धंतोली भागातल्या जुन्या घरांमध्ये अजून कडप्पाच आहे, त्यांनी हे आंबट पाणी ओट्यावर सांडू देऊ नका. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड, म्हणजे जो खार आपण काढायला निघालो त्याच घराण्यातला. ॲसिडने खार विरघळतो तसा कडप्पाही विरघळतो, त्यावर पांढुरके खरबरीत डाग पडतात आणि ते डाग घासून जात नाहीत, पॉलिशच करावं लागतं. ग्रॅनाइटला एवढं होत नाही. कडप्पा असेल तर सिंकच्या कडेने आधी कोरडं फडकं गुंडाळून ठेवायचं आणि मगच लिंबूफूल हातात घ्यायचं.

आता तो सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा प्रकार, ज्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले आहेत. फसफस होतं, फेस वर येतो, बघायला छान वाटतं. पण ती फसफस म्हणजे आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकत असतात. खाली राहतं काय तर पाणी, थोडं मीठ म्हणजे सोडियम ॲसिटेट, आणि हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड. तेलाला लागणारा सोडाही गेला आणि खाराला लागणारं आंबटही गेलं. वेगवेगळे वापरा ना बावा. आधी सोड्याने तेल काढा, धुवा, मग आंबटाने खार काढा. हाच क्रम, कारण खारावर तेलाचा थर असेल तर आंबट पाणी खारापर्यंत पोचतच नाही.

स्टीलबद्दल थोडं. स्टेनलेस स्टील गंजत नाही असं आपण धरून चालतो, पण ते गंजत नाही याचं कारण त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो, डोळ्यांना दिसत नाही इतका. ओरखडा पडला तरी हवा लागली की तो पुन्हा तयार होतो, हा त्याचा मोठेपणा. चांगल्या सिंकचं स्टील ३०४ नंबरचं असतं, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. या पापुद्र्याचा सगळ्यात मोठा शत्रू क्लोराइड. मीठ, ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर या तिन्हींत ते आहे. टॉयलेट क्लीनरमध्ये तर हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते सिंकमध्ये टाकलं की खार निघताना दिसतो खरा, पण स्टीलला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि मग त्या खड्ड्यांत कायमचे डाग धरतात. संडासाच्या पांढऱ्या भांड्याला जे चालतं ते स्टीलला चालत नाही, इतकं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ सिंक वाचतील.

मिठाचंही तसंच. मे-जूनमध्ये लोणच्याच्या कैरीच्या फोडी मीठ-हळद लावून ठेवतो, त्या खारट पाण्याची परात रात्रभर सिंकमध्ये पडून राहिली तर सकाळी डाग दिसतो. लगेच धुतली तर काहीच होत नाही.

तारेची घासणी. भांड्यांना लावायची तर लावा, पण सिंकला लावू नका, विशेषतः ती लोखंडी लोकरीसारखी बारीक तारेची. तिचे बारीक कण स्टीलमध्ये रुततात आणि दोन दिवसांनी नारिंगी ठिपके दिसतात, आपल्याला वाटतं सिंकच गंजलं, दुकानदाराने फसवलं. गंज असतो तो घासणीचा. ओला लोखंडी तवा किंवा विळी सिंकमध्ये पडून राहिली तरी तसाच डाग पडतो. असले डाग कोवळे असताना खाण्याच्या सोड्याची पेस्ट करून बोटाने चोळले की निघतात, जुने असतील तर लिंबूफूल. स्टीलवर बारीक उभ्या किंवा आडव्या रेषा असतात त्या बघून त्यांच्या दिशेनेच हात चालवायचा, गोल गोल घासलं की स्टील निस्तेज दिसायला लागतं. आणि साबणाच्या वडीत खनिजाची पूड असते, ती नीट धुतली नाही की वाळल्यावर पांढरी झाक राहते, तो खार नव्हे, नुसत्या पाण्याने जाते.

ब्लीच अजिबातच नको का? रोज तर नकोच. पण काही वेळा लागतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं होतं, तळमजल्यावरच्या किती तरी घरांत किचनपर्यंत गटाराचा गाळ गेला होता. असं काही झालं तर आधी गाळ काढून साबणाने धुवायचं, मग एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा ब्लीचचं लिक्विड घेऊन पाचेक मिनिटं लावायचं आणि स्वच्छ पाण्याने पुन्हापुन्हा धुऊन टाकायचं. ब्लीच जिथे लावलं तिथे त्याच वेळी ॲसिड, व्हिनेगर, लिंबूफूल यांतलं काहीही लावायचं नाही, क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद किचनमध्ये तो फुप्फुसांना भाजतो. अमोनियावाल्या काचेच्या क्लीनरबरोबरही नको. सफाईच्या भरात दोन बाटल्या एकत्र ओतणं हा सिंकसाठी नाही, जिवासाठी धोका आहे. खिडकी उघडी ठेवूनच काम करा आणि लहान पोट्ट्यांना तेवढा वेळ बाहेर ठेवा.

आता मुख्य जागेकडे येते, जिथून वास येतो. जाळी उचला. जाळीच्या खालचा जो स्टीलचा कप असतो, ज्याला प्लंबर कपलिंग म्हणतो, त्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघा. ती काळी बुळबुळ म्हणजे जंतूंनी अन्नावर आणि चरबीवर बांधलेली वसाहत. सिंकवर ज्या लहान लहान केसाळ पंखांच्या माशा बसलेल्या दिसतात, उडवल्या तरी लांब जात नाहीत, त्या याच बुळबुळीत अंडी घालतात. वरून स्प्रे मारून त्या कमी होत नाहीत, कारण त्यांचं घर खाली आहे. बाटली धुवायचा लांब ब्रश एक सिंकसाठी वेगळा ठेवून द्या, साबण लावून तो कपलिंगमध्ये आणि खाली पाइपात जेवढा जाईल तेवढा घालून फिरवा, मग गरम पाणी सोडा. ज्या सिंकला वरच्या बाजूला पाणी भरून वाहू नये म्हणून एक भोक असतं, ते भोकही आतून तसंच बुळबुळीत असतं आणि ते आयुष्यात कोणी धुतलेलं नसतं. तिथे टूथब्रश घाला. पुष्कळदा सगळा वास त्या एका भोकाचा निघतो.

जाळीचं रबर काढून त्याच्या मागेही बघा. दर आठवड्याला एकदा एवढं केलं, तर पाचच मिनिटांचं काम आहे.

वास तरीही येत असेल तर सिंकखाली वाकून पाइप कसा बसवला आहे ते बघावं. चांगल्या बसवणुकीत पाइपाला यूसारखं एक वळण असतं किंवा बाटलीसारखा ट्रॅप असतो, त्यात नेहमी थोडं पाणी साचून राहतं आणि ते साचलेलं पाणीच गटाराचा वायू आणि झुरळं वर येऊ देत नाही. आपल्याकडे कितीतरी घरांत काय असतं तर तो वाकणारा प्लॅस्टिकचा पाइप सरळ जमिनीतल्या भोकात खुपसलेला असतो. वळण नाही, पाणी साचत नाही, आणि भोकाच्या भोवती दोन बोटं जागा मोकळी. रात्री किचनचा लाइट लावल्यावर जी झुरळं पळतात ती तिथून येतात, डब्यातून नाही. त्या वाकणाऱ्या पाइपालाच वरच्या अंगाला एक वळसा देऊन क्लिपने बांधता येतं म्हणजे पाणी धरतं, किंवा सरळ ट्रॅप बसवून घ्या, फार मोठा खर्च नाही. आणि भोकाभोवतीची फट रबरी रिंग किंवा एमसीलने बंद करून टाका. हे एक काम केल्यावर झुरळांसाठी लावलेली अर्धी औषधं बंद करता येतात हे मी ठामपणे सांगते.

उकळतं पाणी थेट ओतू नका. पीव्हीसीचे पाइप साठ डिग्रीच्या वर मऊ पडायला लागतात, जोड सैल होतात. भात वेळून काढला, शेवया उकळल्या, तर ते पाणी ओतताना बाजूने थंड नळ चालू ठेवायचा. भाताची पेज तर ओतूच नये, थंड करून कुंडीतल्या झाडाला घाला, स्टार्च पाइपात जाऊन चिकटतो. बेसनाचं तसंच, झुणका-पाटवडीची कढई आणि भिजवलेल्या कणकेची परात या दोन भांड्यांनी जेवढे पाइप बंद होतात तेवढे उष्ट्यानेही होत नाहीत. परातीतली कणीक आधी हाताने चोळून कोरडी पाडून डस्टबिनमध्ये टाकायची. श्रावणात आणि नवरात्रात साबुदाण्याचं पाणी, तेही वेगळं टाका. आणि ज्यांच्या घरी खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाणारे आहेत त्यांनी किचनच्या सिंकमध्ये चूळ भरण्याची सवय घरातून काढूनच टाकावी, सुपारीचे तुकडे जाळीच्या भोकात अगदी मापाचे बसतात आणि बाकी तर काय बोलायचं, तिथे आपण खायची भांडी धुतो.

पाइप तुंबलाच तर लगेच दुकानातली ती पांढऱ्या दाण्यांची पुडी टाकायला धावू नका. त्यात कॉस्टिक सोडा असतो, पाणी लागलं की प्रचंड गरम होतो, उडाला तर डोळा जातो. आधी रबरी पंप घ्या. सिंकमध्ये पंपाचं तोंड बुडेल एवढं पाणी घ्या, वरचं भोक ओल्या फडक्याने दाबून धरा, दोन खणांचं सिंक असेल तर दुसरं तोंडही बंद करा, नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो, आणि मग सलग दाबा. नाही निघालं तर खाली बादली ठेवून ट्रॅप हाताने पिळून काढा, बहुतेक वेळा सगळं तिथेच असतं. पुडी टाकून झाली असेल आणि तरी निघालं नाही आणि मग प्लंबरभाऊंना बोलावलं, तर त्यांना आधी सांगा की आत पुडी टाकली आहे. ते हाताने पाइप उघडतात, ते पाणी त्यांच्या हातावर, तोंडावर येतं. घरी भांड्याला येणाऱ्या मावशींनाही हेच, आणि त्यांना ग्लोव्हज आपण आणून द्यायचे.

तेल सिंकमध्ये जाऊच द्यायचं नाही यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. कढई, मटणाचं पातेलं, तर्रीचा गंज म्हणजे उभं पातेलं, जे असेल ते, पाणी लावायच्या आधी जुन्या पेपरच्या तुकड्याने पुसून घ्यायचं. तो पेपर डस्टबिनमध्ये. भज्यांचं उरलेलं तेल बाटलीत. यात पाइप तर वाचतोच, पण ते तेल जातं कुठे याचाही विचार करा ना. आपल्या घरातलं सांडपाणी जिथे प्रक्रिया न होता सुटतं तिथे ते नाग नदीत, पिवळ्या नदीत जातं, नाग नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि तिथे गोसेखुर्दचं धरण आहे. त्या पाण्यावर खालच्या गावांची शेती आहे, मासेमारी आहे. आपण लावा गावाजवळच्या टेकड्यांतून निघालेल्या त्या नाग नदीला नाला म्हणायला लागलो, पण शहराचं नावच तिच्यावरून आहे. नदी साफ करण्याच्या मोठ्या योजना सरकारच्या हातात, पण पातेलं पेपरने पुसणं तर आपल्या हातात आहे.

संत्र्याच्या सालींचं काय, हे नागपुरात कोणी विचारल्याशिवाय राहत नाही. सालीच्या बाहेरच्या बाजूला जे तेल असतं त्यात लिमोनीन असतं आणि ते चिकटपणा खरंच सैल करतं. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, त्या दिवसांत साल वाकवून तिचं तेल ताज्या चिकट्यावर पिळायचं आणि बाहेरच्या बाजूने घासायचं, वासही छान येतो. जुन्या गोंदाला ते पुरत नाही. साली पाइपात ढकलू नका मात्र, आणि क्वार्ट्झच्या सिंकवर आधी कोपऱ्यात लावून बघा. पांढऱ्या किंवा बदामी क्वार्ट्झवर हळदीचा डाग पडला तर खाण्याच्या सोड्याची ओली पेस्ट लावून ठेवा, आणि खिडकीतून ऊन येत असेल तर येऊ द्या, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

रोजचं काय करायचं ते थोडक्यात, कारण रोजचं थोडंच असतं. रात्री शेवटचं भांडं झालं की सिंकला साबण, त्याची घासणी वेगळी, भांड्यांची वेगळी. मग धुवायचं. मग कोरड्या फडक्याने पुसायचं, नळासकट, नळाचं बूड आणि ओट्याची कड धरून. हे पुसणं बहुतेक घरांत होत नाही आणि सगळा फरक तिथेच आहे. पुसलेल्या सिंकवर खार चढत नाही, झुरळाला रात्री पाणी मिळत नाही, आणि डाग पडायला थेंबच उरत नाही. बोअरचं पाणी असलेल्यांनी तर हे सोडूच नका. फडकं तिथेच नळावर गोळा करून नाही ठेवायचं, दोरीवर टाकायचं.

नवीन सिंक घ्यायला निघालात तर दुकानदार चुंबक लावून दाखवतो आणि म्हणतो बघा चिकटत नाही, म्हणजे ३०४. एवढ्यावर जाऊ नका. २०२ नंबरच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, ते स्वस्त पडतं आणि खाऱ्या पाण्यात त्यावर डाग लवकर येतात. उलट चांगल्या ३०४ च्या दाबून वाकवलेल्या कोपऱ्याला चुंबक हलकंसं धरतंही. ग्रेड बिलावर लिहून मागा, आणि पत्रा एक मिलिमीटर तरी आहे का ते विचारा, अंगठ्याने बुडाशी दाबून दबतो तो पातळ. खालून रबरी पॅड लावलेलं असेल तर भांड्यांचा आवाज कमी येतो.

सुट्ट्यांमध्ये गावाला जाणार असाल तर ट्रॅपमधलं पाणी आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत उडून जाऊ शकतं, मग घर बंद असताना गटाराचा वायू आणि झुरळं दोन्हींना वाट मोकळी. निघायच्या दिवशी जाळी-कपलिंग घासून घ्या, शेवटी एक तांब्याभर पाणी हळूच सोडा म्हणजे ट्रॅप भरतो, सिंक पुसा, आणि तोंडावर रबरी बूच लावून जा, बूच नसेल तर प्लॅस्टिकची पिशवी घालून वर पाण्याने भरलेला डब्बा ठेवून द्या. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपलाही तेच करा, शेजारी किल्ली असेल तर त्यांना सांगा की आठवड्यातून एकदा प्रत्येक ठिकाणी मगभर पाणी टाकत जा.